आंतिओको एकटाच परत आला

बेटावरच्या आमच्या डोंगरी गावात बाहेरची माणसं चुकूनच येतात. ती सगळी खाली किनाऱ्यावर. सकाळी होड्या भरून येतात, टीचभर पुळणींवर माणसं ओतून जातात आणि संध्याकाळी परत गोळा करून नेतात. त्यातल्याच एखाद्याला त्या गर्दीचा वीट येतो. मग तो गाडी काढतो, वळणं घेत घेत डोंगर चढतो, झेलिंदाच्या कॉफीच्या दुकानात येऊन बसतो आणि विचारतो, तुम्ही इथली माणसं कुठे जाता? आठ वर्षं झेलिंदाचं उत्तर ठरलेलं होतं. आंतिओकोला विचारा.

आंतिओको माझा नवरा. चाळीस वर्षं त्याने वरच्या पठारावर मेंढ्या राखल्या. पुढे कळप सांभाळायला कोणी उरलं नाही म्हणून विकला, पण घरात त्याचा पाय ठरेना. मग तो अशा चुकार पाहुण्यांना वर न्यायला लागला. आम्ही कुठे पाटी लावली नव्हती की नकाशा काढला नव्हता. एका वेळी चारच माणसं, त्याहून एक जास्त नाही. तो त्यांना त्याच्या वडिलांचं मेंढ्या कोंडायचं जुनं वाडगं दाखवायचा, जुनिपरच्या झाडांच्या ओंडक्यांचं निमुळतं छप्पर असलेलं. खडकाच्या ओंजळीत थेंब थेंब साठणारा झरा दाखवायचा. मग दगडावर फडकं अंथरून रोटी, चीज आणि आमची काळी वाइन. बोलायचा फार कमी. तरी माणसं खाली उतरताना त्याचा हात हातात धरून ठेवायची.

हे मार्चपर्यंत.

मार्चमध्ये त्याने एकदा शेगडीवर भांडं न ठेवताच गॅस पेटवला आणि त्याच्यासमोर शांतपणे उभा राहिला. एकदा विचारलं, प्रेदू अजून कसा आला नाही? प्रेदू त्याचा थोरला भाऊ, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी त्याला शहरात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं समजावलं आणि एक कागद दिला. यांना गाडी चालवू देऊ नका, एकटं कुठे सोडू नका, आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. गाडीच्या किल्ल्या लपवल्या आणि गाडी बिघडलीय म्हणून सांगितलं. तिसरी मात्र पाळली नाही. कागद चादरींच्या खाली ठेवून दिला. झेलिंदाला म्हटलं, त्याचा गुडघा धरलाय, आता पाहुणे पाठवू नकोस. अख्ख्या गावात डोंगराचं काहीही विचारायचं झालं की लोक त्याच्याकडे यायचे. कुणाची शेळी घळीत अडकली, कुणाला जुनी हद्द कळेना, की आंतिओकोला बोलवा. त्याच माणसाकडे उद्या लोक पोराकडे बघावं तसं बघतील, हे मला सोसणार नव्हतं. त्याला सोसलं असतं की नाही, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

सप्टेंबरातली गोष्ट. त्या दिवशी आमची भाजणी होती. आम्ही तिघी बायका मिळून महिन्याची रोटी भाजतो, आणि एकदा भट्टी तापली की मध्ये सोडून जाता येत नाही. मी पहाटेच गेले. जाताना आंतिओकोला कॉफी दिली, टीव्ही लावून दिला, सांगितलं की दुपारी येते. तो हसून हो म्हणाला. आठवडाभर तो चांगला होता, त्यामुळे मीही निर्धास्त झाले होते.

बाराच्या सुमारास पीठ माखल्या हातांनी परत येत होते, तर झेलिंदा दुकानाच्या दारात उभी. खुशीत होती. म्हणाली, "बघ, तुझ्या नवऱ्याचा गुडघा मीच बरा केला. तिकडे उत्तरेतल्या बेर्गामोच्या दोघी बहिणी आल्यात, पन्नाशीच्या, चालणाऱ्या. आंतिओको कॉफीला आला होता, त्याला विचारलं तर लगेच तयार. आठलाच गेले त्यांच्या गाडीतून."

माझ्या तोंडातून निघालं ते, बरं केलंस. इतकंच.

घरी आले. काठी जागेवर नव्हती, त्याची चामडी झोळीही नव्हती. टीव्ही चालूच होता. मी तो बंद केला आणि खिडकीशी बसले. मनाला समजावत होते की चाळीस वर्षं ज्या वाटेने गेला ती वाट तो विसरायचा नाही. नावं विसरेल, तारखा विसरेल, पण पायाला सवय असते. नेहमी असंच व्हायचं, दोनपर्यंत पाहुण्यांना घेऊन गाडीपाशी यायचा. येईलच. बाहेर ऊन असं होतं की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. पठारावर त्या झऱ्याशिवाय पाण्याचा टिपूस नसतो, हे मला कोणी सांगायला नको. चुनखडीचा डोंगर आहे, पडेल तेवढा पाऊस पिऊन टाकतो. आणि एक खडक दुसऱ्यासारखाच दिसतो.

दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. कुणाला काय सांगणार होते? नवरा पाहुण्यांना घेऊन फिरायला गेलाय म्हणून घाबरलेय, असं? त्यांनी विचारलं असतं, त्यात घाबरण्यासारखं काय? आणि मग मला कागद दाखवावा लागला असता. अडीच तास मी अशी बसून होते. त्या अडीच तासांचा हिशेब मला अजून देता आलेला नाही.

अडीचला दार वाजलं. आंतिओको आत आला.

मला हायसं वाटलं. तो उन्हाने लाल झाला होता, पण ठीक होता. काठी कोपऱ्यात ठेवली, टोपी काढली, टेबलापाशी बसला आणि म्हणाला, भूक लागलीय. मी सूप वाढलं. तो खाऊ लागला. मग मी विचारलं, त्या बायका गाडीतून परस्पर गेल्या का?

"कुठल्या बायका?"

मी म्हटलं, सकाळी ज्यांना वर नेलंस त्या. तो म्हणाला, मी कुणालाच नेलं नाही, पाहुण्यांचं तर तूच बंद केलंस. चमचा तसाच चालू होता. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्यांपर्यंत धूळ. तो गाडीच्या रस्त्याने आला नव्हता. मेंढपाळांच्या जुन्या वाटेने, दोन तास चालत आला होता. एकटा.

मी त्याची झोळी उघडली. आत दोन बाटल्या होत्या. एक निळी, एक गुलाबी, तिच्यावर कसल्यातरी फुलाचं चित्र चिकटवलेलं. आमच्या घरातल्या नव्हत्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि पाणी अजून थंड होतं.

म्हणजे तो झऱ्यावर गेला होता, त्यांच्यासाठी पाणी आणायला. झऱ्यावरूनच गावाची जुनी वाट सुटते. पाणी भरून झालं, आणि पाय घराकडे वळले. त्या दोघी वर कुठेतरी बसल्या होत्या, आणि त्यांचं सगळं पाणी माझ्या टेबलावर होतं.

मी त्याला हलवून विचारलं. कुठे ठेवलंस त्यांना? तो गोंधळला, मग चिडला. म्हणाला, जेवताना माणसाला सतावू नये. मी आवाज चढवला तसा तो आणखी आत आत गेला. ताटाकडे बघत बसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की भांडू नका, भांडलात की दार बंद होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते ऊन होतं आणि मला त्याच्याशी हळू बोलायचं होतं. मी हात एप्रनला पुसले, त्याच्यासमोर बसले आणि रोज विचारायचे तसं विचारलं, तीस वर्षं रोज विचारलं होतं तसं.

"आज मेंढ्या कुठे सोडल्यास?"

त्याचा चेहरा लगेच सैल झाला.

"मेंढ्या कुठल्या, दोनच तर होत्या."

"दोनच?"

"एकीचा पाय मुरगळला. चढणीला चालेना. आणि तिला सोडून दुसरी हलेना."

"मग काय केलंस?"

"वाडग्यात घातल्या. सावली आहे तिथे. तोंडाशी फांद्या लावल्या, नाहीतर बाहेर पडतात."

"कुठल्या वाडग्यात?"

"आपल्याच. बाबांच्या." तो मध्येच थांबला. टेबलावरच्या बाटल्यांकडे बघत राहिला, त्यातली गुलाबी हळूच हातात घेतली. "गोनारिया, हे पाणी मी कुणासाठी आणलं?"

मी बाकिझियोला फोन केला. बाकिझियो आमच्या गावातलाच, वनखात्यात आहे आणि डोंगरावरच्या बचाव पथकातही. लहानपणी सुट्टीभर तो आंतिओकोच्या मागे मागे फिरायचा, खडक चढायला त्याला आंतिओकोनेच शिकवलं. मी त्याला सगळं सांगितलं. दोघी बहिणी, पाणी, वाडगं. तो म्हणाला, काकांना फोन द्या, नीट विचारतो. तेव्हा मला ते वाक्य म्हणावं लागलं. म्हटलं, तो सांगू शकणार नाही, त्याला आठवत नाही, मार्चपासून त्याला आठवत नाही.

त्याने विचारलं,

"काकू, हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"आता तुला."

पंधरा मिनिटांत तो तीन माणसं घेऊन दारात आला.

अडचण अशी होती की माझ्या सासऱ्यांची वाडगी दोन. खालचं, जे पाहुण्यांना दाखवतात. आणि वरचं, घळीच्या पलीकडच्या अंगाला, जिथे तीस वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. एकापासून दुसऱ्यापर्यंत तासाभराची वाट. बाकिझियोचं म्हणणं, खालचंच असणार. मी म्हटलं, खालच्याला फांद्या लावायची गरज नाही, त्याला फळ्यांचं दार आहे. तो विचारात पडला. मी म्हटलं, आंतिओकोला बरोबर घे. तो नको म्हणाला. अशा माणसाला परत वर नेणं म्हणजे एकाच्या जागी दोन शोध. मी म्हटलं, मी त्याच्याबरोबर असेन. त्याचं डोकं सांगणार नाही, पण पाय सांगतील. मला स्वतःला याची खात्री होती का? नव्हती. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या बहिणींची गाडी रस्त्याच्या शेवटी उभी होती, काचेच्या आत दोन टॉवेल वाळत घातलेले. बाकिझियोने तिथून मोठ्याने हाका मारल्या. डोंगराने नुसत्या हाका परत केल्या.

आम्ही चालायला लागलो. आंतिओको पुढे, काठी टेकत, सत्तरी ओलांडलेला माणूस पोरासारखा खडकावरून खडकावर. त्याला वाटत होतं आम्ही चुकलेल्या मेंढ्या शोधायला चाललोय, आणि मी ते खोडून काढलं नाही. पाऊण तासाने वाट फुटते. खालच्या वाडग्याकडे उजवीकडे, चांगली मळलेली वाट. आंतिओको तिथे क्षणभर थांबला आणि डावीकडे वळला. तिकडे वाट अशी नव्हतीच. काटेरी झुडपं आणि धारदार दगड.

बाकिझियोने माझा दंड धरला. म्हणाला, तास-दीड तास जाईल यात, आणि सूर्य सातला बुडतो. चुकलो तर त्या रात्रभर राहतील, आणि सकाळपर्यंत कसं होईल ते मी सांगू शकत नाही. मी आंतिओकोच्या पाठीकडे पाहिलं. तो आमच्यासाठी थांबला नव्हता. मी म्हटलं, मी त्याच्या मागे जाते, तुला पटेल ते कर. शेवटी त्याने दोघांना खालच्या वाडग्याकडे धाडलं आणि स्वतः एका माणसासह आमच्या मागे आला.

तो तास मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक वळणाला वाटायचं, हा नुसता चालतोय, याला कुठेच जायचं नाहीये. एकदा तो एका झाडापाशी थबकला, झाडाला हात लावला आणि मला विचारलं, आई घरी असेल ना आता? मी हो म्हटलं. मागे बाकिझियोने ते ऐकलं. त्याच्या बुटांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी मागे न बघता चालत राहिले.

आणि मग वाडगं दिसलं. छप्पर अर्धं कोसळलेलं, पण दगडांचा गोल शाबूत. तोंडाशी जुनिपरच्या फांद्या रचलेल्या, ताज्या, तोडल्या जागी डिंक अजून ओला. मी धावले. फांद्या आतून बाजूला सारल्या होत्या. आत एक टोपी पडलेली, केळ्याची सालं, आणि चिकटपट्टीचा कागद. माणूस कोणी नाही.

बाकिझियो सगळीकडे हाका मारू लागला. मी त्या टोपीकडे बघत खाली बसले. तो बरोबर आला होता. त्याने त्यांना सावलीत ठेवलं होतं, हलू नका म्हणून सांगितलं असणार. आणि त्या चार तास वाट बघून निघाल्या होत्या. कोण थांबलं असतं?

आंतिओको वाकून जमीन बघत होता. त्याने काठीने दाखवलं. धुळीत एक रेघ उठली होती, पाय ओढत नेल्याची. "लंगडी इकडून गेली," तो म्हणाला, आणि त्या रेघेच्या मागे निघाला. आम्ही त्याच्या मागे. रेघ दगडांवर तुटायची, तो दोन पावलं बाजूला जाऊन ती पुन्हा पकडायचा. असं तीनशे पावलं. तिथे एका ओकच्या बुंध्याशी बाई बसली होती. ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, घोटा फुगून टम्म झालेला. धाकटी बहीण, फुल्विया.

तिला बोलता येईना. हाताने खाली घळीकडे दाखवलं. ओर्नेल्ला, मोठी, पाण्याला गेली होती. खालून पाण्याचा आवाज येतोय असं दोघींना वाटलं होतं. त्या घळीत वारा शिरला की तसाच आवाज येतो. आमच्याकडची लहान पोरंही त्याला फसत नाहीत, पण त्या आमच्याकडच्या नव्हत्या. बाकिझियो आणि त्याचा माणूस दोर घेऊन पळतच खाली गेले.

आंतिओको फुल्वियाच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. गुलाबी बाटली उघडली, तळहातावर थोडं पाणी घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिने बाटली ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याने हळूच हात बाजूला केला. थोडं थोडं, म्हणाला, एकदम नको, उलटेल. कोकरांना पाजायचा तसा तिला पाजत होता. तिला धीर आला तसं त्याने आदराने विचारलं,

"तुम्ही कुठून आलात, बाई?"

फुल्विया त्याच्याकडे बघत राहिली. सकाळी याच माणसाबरोबर ती चालत आली होती, यानेच तिच्या पायाला पट्टी बांधली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिला कळलं. तिने त्याला उत्तर दिलं, बेर्गामोहून, आणि तो म्हणाला, लांब आहे हो.

ओर्नेल्ला खाली एका कपारीवर सापडली. घसरून तिथे पोचली होती, वर येता येईना, खाली जाता येईना. हात मोडला होता, आणि दोन तास ती उन्हात त्या वीतभर जागेवर भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला दोराने वर घेईपर्यंत सूर्य टेकला. बाकिझियोने बोलावलेलं हेलिकॉप्टर यायला अजून दहा मिनिटं होती. ती आडवी होती, अंगावर कांबळं. मी तिच्याजवळ गेले, म्हटलं, ताई, मी त्याची बायको. फुल्वियाकडून तिला कळलं होतं. तिने विचारलं,

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी?"

मी म्हणू शकले असते की मी पाहुणे बंद केले होते, किल्ल्या लपवल्या होत्या, माझी भाजणी होती. सगळं खरंच होतं. मी तिच्या अंगावरचं कांबळं नीट केलं. तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जबाब घेतला. मी चादरींखालचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. गावाला कळायला मग एक दुपार पुरली. मला ज्याची भीती वाटत होती तसं कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं. झेलिंदा पंधरा दिवस बोलली नाही. मग एक दिवस येऊन बसली आणि म्हणाली, "गुडघा म्हणालीस मला. माझ्या हाताने पाठवलं मी त्या बायकांना. मेल्या असत्या तर मी काय केलं असतं गं?" मी रडले. ती रडली नाही. कॉफी प्यायली आणि गेली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता मला कुठे जायचं असलं की ती किंवा बाकिझियोची आई येऊन आंतिओकोपाशी बसते.

नाताळात फुल्वियाचा फोन आला. ओर्नेल्लाचा हात जुळला होता, पण ती या बेटाचं नाव काढू देत नाही म्हणाली. मग तिने आंतिओकोची चौकशी केली. त्याला ते आठवतं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "त्याने आम्हाला बजावलं होतं, इथून हलू नका, मी येतो. आणि तो आला. उशिरा, पण आला. मी बहिणीला हे सांगते, पण ती ऐकत नाही." मीही ते स्वतःला सांगून बघते. पण ते अडीच तास मध्ये येतात.

झेलिंदाच्या दुकानात अजून कुणी ना कुणी येऊन विचारतं. ती सांगते, वर काही नाही बघण्यासारखं, नुसते दगड.

आंतिओको बहुतेक शांत असतो. पण कधी कधी दुपारी, ऊन चढलं की, तो खुर्चीवरून ताडकन उठतो, दाराशी जातो आणि कडी शोधू लागतो. विचारलं तर म्हणतो, कुणीतरी वाट बघतंय. कोण, ते त्याला सांगता येत नाही. मी त्याचा हात धरते आणि म्हणते की त्या आल्या, दोघी घरी पोचल्या. कधी त्याला पटतं, तो येऊन बसतो. कधी नाही पटत. मग आम्ही दोघं दारातच उभे राहतो, तो डोंगराकडे बघत आणि मी त्याच्याकडे, ऊन उतरेपर्यंत.